टाकळीचा शंख

नागपूरच्या दक्षिणेस, हिंगणा तालुक्यात, टाकळघाट नावाचे गाव आहे. या गावाच्या परिसरात ओबडधोबड धोंडे वर्तुळाकार मांडून केलेली प्राचीन रचना आहे. एकेका वर्तुळाच्या आत माती आणि लहान दगड यांचा उंचवटा असतो. ही शिलावर्तुळे म्हणजे लोहयुगातील लोकांची दफनस्थाने होत. परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नव्हती. गुराखी त्या धोंड्यांवर बसत, शेतकरी त्यांना वळसा घालून नांगर नेत, आणि ते कोणी रचले हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

1863 साली, पावसाच्या दिवसांत, एक गृहस्थ मुद्दाम ही वर्तुळे पाहण्यासाठी घोड्यावरून टाकळघाटास आले. नागपुरात ते अठरा वर्षे राहिले होते. त्यांना मराठी बोलता येत असे, आणि जिल्ह्यातील कोणत्या टेकडीत कोणता दगड सापडतो हे त्यांच्याइतके जाणणारा दुसरा माणूस त्या काळी नव्हता. स्टीफन हिस्लॉप हे त्यांचे नाव. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय याच नावाने ओळखले जाते.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. बर्विकशायर या त्याच परगण्यात, समुद्रकाठच्या एका कड्यावर, 1788 साली जेम्स हटन या विद्वानाने दगडांचे थर पाहून पृथ्वीचे वय अतिप्राचीन असले पाहिजे असे अनुमान बांधले होते. तेव्हा दगडांकडे विचारी दृष्टीने पाहण्याची परंपरा त्या भूमीतच होती, असे म्हणता येईल. लहानग्या स्टीफनला कीटक, वनस्पती आणि दगड जमविण्याचा नाद होता. पुढे त्याने एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत शिक्षण घेतले आणि तो धर्मोपदेशक झाला. 1844 साली त्याने पत्नीसह हिंदुस्थानचा रस्ता धरला व 1845 च्या फेब्रुवारीत तो नागपुरास पोहोचला.

त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. इंग्रजांची छावणी जवळच कामठीस होती. हिस्लॉप यांनी प्रथम मराठीचा अभ्यास केला आणि 1846 साली शहरात एक शाळा सुरू केली. धर्मप्रचार हे त्यांचे मुख्य काम. त्या कामात त्यांना अनुयायी थोडेच मिळाले. शाळेने मात्र मूळ धरले. 1847 साली रॉबर्ट हंटर नावाचे त्यांचे सहकारी स्कॉटलंडहून येऊन दाखल झाले. दोघांच्याही मनात निसर्गाविषयी सारखेच कुतूहल होते. शाळेतून सवड मिळाली की हे दोघे पायी अथवा घोड्यावरून रानोमाळ हिंडत.

नागपूरच्या पश्चिमेकडील भूमी काळ्या पाषाणाची आहे. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस बाहेर येऊन दूरवर पसरला. सह्याद्रीचे कडे ज्या दगडाचे, तोच हा दगड. तो नागपूरपर्यंत येऊन तेथे विरळ होतो. शहराच्या पूर्वेस त्याचा मागमूस राहत नाही. तप्त रसातून घडलेल्या पाषाणात प्राण्यांचे अवशेष कसले सापडणार, असे कोणासही वाटेल.

1851 च्या मध्यास एके दिवशी हिस्लॉप आणि हंटर शहराच्या पश्चिमेस दोन-अडीच मैलांवर असलेल्या टाकळी या गावाजवळून फिरत चालले होते. ही टाकळी निराळी आणि टाकळघाट निराळे. नावांच्या साम्यामुळे घोटाळा होऊ नये. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक वेगळ्याच दगडाचा पातळ थर तेथे त्यांच्या दृष्टीस पडला. त्या वाटेने रोज माणसे जात असत. थर सर्वांनाच दिसत असला पाहिजे. पण त्याच्यापाशी थांबले ते हे दोघे. त्यांनी तेथील दगड न्याहाळला, तेव्हा त्यात एक शंख आढळला. तो समुद्रातला नव्हता, गोड्या पाण्यातील गोगलगाईचा होता. शंखाचे कवच दगडासारखे झाले होते, पण त्याचे वेढे जसेच्या तसे होते.

या जातीचा शंख शास्त्रज्ञांना अगदीच अपरिचित नव्हता. दक्षिणेकडील डोंगरांत माल्कमसन नावाच्या एका डॉक्टराला तो पूर्वी मिळाला होता. अशोकाच्या शिलालेखांची लिपी उलगडणारे जेम्स प्रिन्सेप यांचे नाव त्या शंखाला देण्यात आले होते. परंतु आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर तो मिळावा, याचा हिस्लॉप यांना झालेला आनंद निराळाच होता. त्यांच्यापुढे लगेच प्रश्न उभा राहिला: खाली लाव्हा, वर लाव्हा, आणि मध्ये तळ्यातील गोगलगाय, हे कसे?

याचे उत्तर त्या थराने हळूहळू दिले. लाव्हारस एकदाच वाहिला नाही. तो वाहिला, थिजला, मग दीर्घ काळ शांतता नांदली. थिजलेल्या खडकाच्या खोलगट भागांत पावसाचे पाणी साठून तळी झाली. तळ्यांत शेवाळ वाढले, मासे व कासवे आली, काठी झाडे उगवली. तळाशी गाळ साचत गेला. नंतर पुन्हा भूमी फाटली आणि नवा रस त्या तळ्यांवरून वाहत गेला. गाळ त्याखाली झाकला गेला व कालांतराने त्याचा दगड बनला. टाकळीचा तो पातळ थर म्हणजे अशा एका तळ्याचा तळ होता.

मग दोघांनी तो थर बारकाईने शोधण्यास आरंभ केला. शंखांच्या निरनिराळ्या जाती मिळाल्या. माशांचे खवले, कासवाची हाडे, झाडांची खोडे, फळे आणि बिया मिळाल्या. मोहरीच्या दाण्याएवढ्या जलचरांची शिंपलीही सापडली. सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे भुंग्यांच्या पाठीवरील कठीण पंख. एवढा नाजूक कीटक, पण त्याचे पंख कोट्यवधी वर्षे दगडात टिकले. त्या भुंग्यांचे वर्णन पुढे विलायतेतील एका शास्त्रज्ञाने 1860 साली केले आणि त्यांतील दोघांना हिस्लॉप व हंटर यांची नावे दिली.

असे अवशेष गोळा करणे वरवर पाहता मुलांच्या खेळासारखे वाटते. खरोखर ते जोखमीचे आणि शिस्तीचे काम आहे. जोखीम आधी सांगितली पाहिजे. नागपूरच्या आसपास पाथरवटांनी दगड काढून सोडून दिलेल्या पुष्कळ खदानी आहेत. शहराच्या एका वस्तीचे नावच गिट्टीखदान आहे. सोडलेली खदान हे जीवाश्म शोधण्यास उत्तम ठिकाण. कारण तेथे भूमी उभी कापलेली असते आणि एरवी मातीखाली दडलेले थर भिंतीसारखे उघडे पडतात. पण धोका नेमका त्या भिंतीतच असतो. दोन काळ्या थरांमधला गाळाचा थर मऊ असतो. पाऊस व ऊन यांनी तो आधी झिजतो आणि त्याच्या वरचा कठीण पाषाण आधारावाचून पुढे लोंबत राहतो. त्यात भेगा असतात. पावसाळ्यात भेगांत पाणी शिरते आणि एखाद्या दिवशी, कोणी हात न लावताही, मणभर वजनाचा धोंडा सुटून खाली येतो. जीवाश्म असतो मऊ थरात, म्हणजे नेमका त्या लोंबत्या धोंड्याखाली. लोभी शोधक तेथेच छिन्नी लावतो. जाणता शोधक भिंतीपासून दूर राहतो आणि जे आपोआप ढासळून दूर येऊन पडले आहे त्या राशीत शोधतो. कारण तोच थर तेथे फुटून पडलेला असतो. तो मालकाची परवानगी घेतल्यावाचून आत जात नाही, एकटा जात नाही, कोठे जात आहे हे घरी सांगून निघतो, आणि हातोडी मारताना डोळ्यांत कपची जाऊ नये याची काळजी घेतो. खदानीत साठलेल्या पाण्यात तर तो पाऊलही घालीत नाही. वरून ते डबके दिसते, पण काठ उभा तासलेला असल्यामुळे दुसऱ्याच पावलाला दोन पुरुष खोली असू शकते.

शिस्तीची गोष्ट याहून अवघड. दगडातून सुटून हाती आलेला शंख मुका असतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होते आणि खाली काय होते, हे लिहून ठेवले तरच तो बोलू लागतो. पेटीभर सुंदर शंख असावेत आणि एकाचेही ठिकाण नोंदलेले नसावे, तर ती पेटी शोभेचीच. हिस्लॉप यांच्या लेखांत गावांची नावे जागोजाग येतात. टाकळी, तेलंगखेडी, सिलेवाडा, भरतवाडा, मांगली अशी ती नावे लंडनमधील विद्वानांच्या पत्रिकेत छापली गेली. ज्या गावांची नावे मुंबईतही कोणी ऐकली नव्हती, ती भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमची जाऊन बसली.

टाकळीच्या शोधाने त्यांची दृष्टी आणखी दूर गेली. कामठीजवळ सिलेवाडा येथे वाळूच्या दगडाच्या खाणी होत्या. बांधकामासाठी तेथून दगड काढीत. त्या दगडात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे उमटलेले त्यांना आढळले. पानाच्या मध्यभागी एक शीर आणि तिच्यापासून निघालेले नाजूक जाळे, इतके स्पष्ट की आजच पान गळून पडले असावे. शास्त्रज्ञ त्या झाडास ग्लोसॉप्टेरिस म्हणतात. ही पाने टाकळीच्या शंखांपेक्षाही फार जुनी. त्यांचे वय सुमारे पंचवीस कोटी वर्षे आहे. अशीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका येथेही मिळाली. त्यावरून हे सर्व भूभाग एके काळी जोडलेले होते, असे अनुमान पुढील काळात निघाले. त्या प्राचीन महाखंडास गोंडवन म्हणतात. नाव अर्थातच गोंडांच्या देशावरून, म्हणजे हिस्लॉप ज्या प्रदेशात हिंडले त्याच्यावरून पडले आहे.

 दगडी कोळशाचे थर आणि नागपूरकडील पानांचे थर यांचा संबंध काय, यावर हिस्लॉप यांनी 1855 साली स्वतंत्र लेख लिहिला. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर मांगली नावाचे गाव आहे. तेथील दगडात एका रुंद डोक्याच्या, बेडकाच्या दूरच्या नात्यातील प्राण्याची कवटी मिळाली. ती इंग्लंडात रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनोसॉर हा शब्द घडविणारे ते हेच ओवेन. त्यांनी 1855 साली त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

हिस्लॉप यांचे सर्वच निष्कर्ष बरोबर ठरले असे मात्र नाही. टाकळीचा थर त्यांनी प्रत्यक्षाहून बराच अर्वाचीन मानला. सस्तन प्राणी जगभर पसरू लागले त्या युगातील तो असावा, अशी त्यांची समजूत होती. आज हे थर त्याच्या आधीच्या, डायनोसॉरांच्या अगदी शेवटच्या काळाच्या आसपासचे समजले जातात. खडकाचे वय मोजण्याची साधने त्या काळी नव्हती. केवळ शंखांच्या जाती ताडून वय ठरवावे लागे. चूक सुधारता आली ती त्यांच्याच नोंदींमुळे. थराचे ठिकाण त्यांनी लिहून ठेवले होते, म्हणून पुढच्या अभ्यासकांना त्याच थरापाशी पुन्हा जाऊन पाहता आले.

1855 च्या सुमारास प्रकृती बिघडल्यामुळे हंटर मायदेशी परतले. पुढे इंग्रजी भाषेच्या एका मोठ्या कोशाचे संपादक म्हणून त्यांनी नाव मिळविले. हिस्लॉप येथेच राहिले. मधल्या काळात ते स्वदेशी गेले होते आणि 1860 साली त्यांचा दुसरा मोठा लेख लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. परंतु ते पुन्हा नागपुरास परत आले. टाकळीजवळ मिळालेल्या एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट असे नाव देण्यात आले होते. तळ्याच्या पाण्यात वस्ती करून राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या वंशाला 1858 साली हिस्लोपिया हे नाव मिळाले. असा मान मोठमोठ्या पंडितांच्याही वाट्याला क्वचित येतो.

दगडांइतकेच त्यांचे लक्ष माणसांकडेही होते. त्यांनी गोंडांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांची भाषा टिपून घेतली, शब्दांच्या याद्या केल्या. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याच्या जन्माची व पराक्रमाची दीर्घ गाथा त्यांनी ऐकून उतरवून घेतली. ती तोपर्यंत केवळ गाणाऱ्यांच्या कंठात होती. थरातील शंख आणि वृद्धाच्या मुखातील गाणे ही दोन्ही त्यांना सारख्याच निकडीची वाटत. दोन्ही वेळीच उचलली नाहीत तर नाहीशी होणारी होती.

टाकळघाटची शिलावर्तुळे हा याच कुतूहलाचा पुढचा टप्पा. तेथील काही उंचवट्यांत मातीची भांडी आणि लोखंडी वस्तू मिळत होत्या. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनाही अशा गोष्टींची आवड होती. 1863 च्या सप्टेंबरच्या आरंभी त्यांचा तळ बोरी या गावी पडला होता. 4 सप्टेंबर रोजी टेंपल आणि हिस्लॉप यांनी घोड्यांवरून टाकळघाटास जाऊन ती वर्तुळे पाहिली. काम झाल्यावर टेंपल बोरीकडे परतले. हिस्लॉप मागे राहिले. कारण गावातील शाळेची परीक्षा घेण्याचे त्यांनी मनात धरले होते. अठरा वर्षे शाळा चालविणाऱ्या माणसाला गावची शाळा न पाहता पुढे जाणे कसे रुचावे?

परीक्षा आटोपून ते एकटेच घोड्यावरून निघाले. संध्याकाळ होत आली होती. वाटेत एक ओढा होता. सकाळी येताना तो सहज उतरता आला होता. पण विदर्भातील ओढे फसवे असतात. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. दूर कोठे सर आली तरी घटकाभरात ओढा फुगतो, आणि पुढची नदी भरून वाहत असली म्हणजे ओढ्याचे पाणी पुढे न जाता मागे तुंबते. सकाळचा उतार संध्याकाळी उतार राहत नाही, हे खेड्यातील पोरासही ठाऊक असते. आडवाटेने इतकी वर्षे हिंडलेल्या हिस्लॉप यांना ते ठाऊक नसेल असे नाही. परंतु सोबत कोणी नव्हते, तळावर वाट पाहत होते आणि अंधार पडत चालला होता.

बोरीच्या तळावर त्यांचा घोडा आला, तो स्वाराशिवाय. मशाली घेऊन लोक धावले. रात्री ओढ्यात त्यांचा देह सापडला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. लोंबत्या कड्यांपाशी आणि रानावनांत इतकी वर्षे वावरलेल्या माणसाचा अंत एका लहानशा ओढ्याने केला.

त्यांच्या पश्चात घरी कागदांचा मोठा ढीग निघाला. गोंडांविषयीच्या नोंदी अपुऱ्या होत्या, काही टिपणे तर केवळ त्यांनाच कळावी अशी होती. टेंपल यांनी ती संकलित करून 1866 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. लिंगोची गाथा त्या ग्रंथामुळे छापली गेली. हिस्लॉप यांच्या मृत्यूच्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. परंतु टाकळी, मांगली आणि सिलेवाडा येथील जीवाश्मांपैकी पुष्कळसे तत्पूर्वीच समुद्रापार गेले होते. ते आज लंडनच्या निसर्गसंग्रहालयात आहेत. ज्या भूमीने ते कोट्यवधी वर्षे सांभाळले, त्या भूमीतील विद्यार्थ्यास ते पाहण्यासाठी इतके दूर जावे लागावे, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

1883 साली त्यांच्या शाळेच्या परंपरेतून महाविद्यालय निघाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. टाकळीच्या परिसरात आता नागपूरची वस्ती पसरली आहे. हिस्लॉप आणि हंटर जेथे थबकले, त्या भागात घरे व रस्ते आहेत. एखाद्या घराचा पाया खोदताना अथवा विहिरीचे काम चालू असताना काळ्या पाषाणाखालून तो जुना गाळाचा दगड मधूनच वर येतो.

टाकळघाटची वर्तुळे पुढे शंभर वर्षे तशीच राहिली. 1968-69 साली नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट आणि शेजारचे खापा येथे रीतसर उत्खनन केले. एका ठिकाणी त्या लोकांची वस्ती होती आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांची दफने. मातीच्या थरांखालून काळी-तांबडी भांडी निघाली, लोखंडाची हत्यारे निघाली, आणि त्यांच्याबरोबर घोड्याच्या तोंडात घालावयाच्या लगामाच्या कड्याही निघाल्या.